चंद्रोदय सांगणाऱ्याला किती द्यायचे?

क्रूझच्या शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरसमोर एक लांब रांग लागते. कुणाला न घेतलेलं पेय बिलात दिसलेलं असतं, कुणाला सामान रात्री किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचं ते विचारायचं असतं. पण रांगेतली बरीच माणसं एकाच कामासाठी आलेली असतात. खोलीच्या खात्यावर रोज आपोआप चढत गेलेली ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टिप, त्यांना बिलातून काढून टाकायची असते. अमेरिकेतून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर ही रक्कम माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते, स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या, महाग खोल्यांत, राहणाऱ्यांना थोडी जास्त. चौघांचं कुटुंब, सात रात्री आणि माणशी १८ डॉलर धरले तर ५०४ डॉलर होतात. आपण मनातल्या मनात रुपये करतो आणि आकडा चाळीस हजारांच्या पुढे जातो.

तो आकडा बघून पोटात गोळा येतो, हे मला कळतं. तिकिटाचे पैसे भरलेत, बंदराचे कर भरलेत, मग हे आणखी कशाचे, असं कुणालाही वाटेल. तरीही माझं मत सुरुवातीलाच सांगते: ती रक्कम काढू नये. जहाजावरच्या कॉन्सिअर्जला, म्हणजे प्रवाशांची अडलेली कामं करून देणाऱ्या माणसाला, किती, कधी आणि कसं द्यायचं हा प्रश्न घेऊन मी हे लिहायला बसले आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर या रांगेपासूनच सुरू होतं.

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या भाचीने आणि भाचेजावयांनी डिसेंबरात आम्हा सगळ्यांना क्रूझला नेलं. ताई, भावोजी, मी आणि ऐंशी पार केलेली आई. ह्यूस्टनहून गॅल्व्हस्टन बंदर गाडीने तासाभरावर. तिथून कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका आणि परत. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. व्हीलचेअर वळेल एवढी जागा हवी, म्हणून भाचीने स्वीट घेतला, आणि स्वीटबरोबर कॉन्सिअर्जची सेवा आली.

मोठ्या हॉटेलांतला कॉन्सिअर्ज पुष्कळांनी पाहिलेला असतो. पॅरिसमध्ये १९२९ साली या लोकांनी ‘क्ले दॉर’ नावाची संघटना उभी केली. तिचे सभासद कोटाच्या कॉलरवर एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या लावतात. जहाजावरचा कॉन्सिअर्ज त्याच कुळातला, पण तो सगळ्यांसाठी नसतो. स्वीटवाल्यांचा वेगळा लाउंज असतो, तिथे त्याचं टेबल. भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये जागा मिळवणं, नाटकाच्या शोला पुढच्या रांगेत बसवणं, बंदरावर आधी उतरवणं, बिलातला घोळ निस्तरणं, ही त्याची रोजची कामं. बाकी हजारो प्रवाशांनी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला जायचं.

आमचा कॉन्सिअर्ज फिलिपिन्सचा होता, चाळिशीच्या आतबाहेरचा. पहिल्या दिवशी त्याने आईसमोर गुडघ्यावर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारलं की काय खाता, काय खात नाही. आईला इंग्रजी समजतं, बोलायला संकोचते. तिने भाचीला मराठीत सांगितलं, “त्याला म्हणावं, उद्या संकष्टी आहे.”

आई कालनिर्णय बरोबर घेऊन अमेरिकेला गेली होती. पण त्यातल्या चंद्रोदयाच्या वेळा आपल्या गावांच्या. भाचीने ह्यूस्टनच्या देवळाची दिनदर्शिका काढली, तर ती वेळ ह्यूस्टनची, आणि आम्ही तेव्हा मेक्सिकोच्या आखातात कुठेतरी असणार. शिवाय घड्याळाचा आणखी एक गुंता. गॅल्व्हस्टन अमेरिकेच्या मध्य वेळेवर चालतं, तर कोझुमेल आणि ग्रँड केमन हिवाळ्यात तासभर पुढे. जहाजाचं घड्याळ कधी बदलणार ते जहाज ठरवणार. भाचीने हे सगळं त्या माणसाला समजावलं. दिवसभर उपास, रात्री चंद्र दिसल्यावर त्याला अर्घ्य द्यायचं, मग जेवायचं. जेवणात कांदा-लसूण नको.

त्याने हे वहीत लिहून घेतलं. “असं काही होत नाही”, “आमची जेवणाची वेळ अमुक” असलं काहीही तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत उकडलेले बटाटे, दही, मीठ न लावलेले शेंगदाणे आणि केळी आली. दुपारी एक चिठ्ठी आली. त्याने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, फोन करून ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याकडून त्या रात्रीची चंद्रोदयाची वेळ घेतली होती. आम्ही त्या वेळी जिथे असू तिथली, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. खाली आणखी एक ओळ होती. जहाज आग्नेयेकडे चाललेलं असेल, त्यामुळे चंद्र डाव्या बाजूने दिसेल, डाव्या बाजूच्या डेकवर यावं, तिथे व्हीलचेअर नेता येते.

ही दुसरी ओळ कुणी मागितली नव्हती. चंद्र कोणत्या बाजूला उगवेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चिठ्ठी नसती तर आम्ही आईला घेऊन उजव्या बाजूला काळोखाकडे बघत बसलो असतो, आणि ती म्हणाली असती, राहू दे, आभाळ असेल.

मुख्य डायनिंग रूमची वेळ तोवर संपत आली होती. त्याने आधीच स्वयंपाकघराशी बोलून ठेवलं होतं. जहाजावरच्या भारतीय आचाऱ्याने साधं वरण, भात आणि बटाट्याची भाजी वेगळी करून ठेवली, लाउंजच्या वेटरने ती गरम करून आणली. अर्घ्यासाठी वाटी आणि ताटली हवी होती, तीही आली. आई जेवली आणि म्हणाली, “याला काय द्यायचं गं?”

तेव्हापासून ग्रँड केमन येईपर्यंत आमच्या घरात, म्हणजे त्या स्वीटमध्ये, हीच चर्चा.

आधी माहिती गोळा केली. कॉन्सिअर्ज त्या रोजच्या ग्रॅच्युइटीत येतो का? याचं उत्तर कंपनीनुसार बदलतं. नॉर्वेजियन क्रूझ लाइन प्रवाशांना स्पष्ट सांगते की कॉन्सिअर्ज, बटलर अशी काही पदं मोजक्याच प्रवाशांची सेवा करतात, त्यांना सामाईक सर्व्हिस चार्जातला वाटा मिळत नाही, सेवा आवडली तर त्यांना वेगळं द्यावं. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न यांसारख्या महागड्या कंपन्यांनी टिप भाड्यातच धरलेली असते. तिथे काहीच दिलं नाही तरी कुणी वावगं मानत नाही. बाकीच्या कंपन्यांत चित्र मधलं. स्वीटवाल्यांकडून रोजचे थोडे जास्त घेतात, त्यातलं कॉन्सिअर्जकडे किती जातं हे प्रवाशाला दिसत नाही. म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्यावं, ‘ग्रॅच्युइटीत कोण कोण येतं?’ एवढा एकच प्रश्न. विचारायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

रकमेबद्दल: भाचीच्या ओळखीतली अमेरिकन मंडळी आठवड्याच्या प्रवासाला, काम चांगलं करून घेतलं असेल तर, पन्नास ते शंभर डॉलर देतात. लाउंजमध्ये नुसती कॉफी प्यायली आणि काही मागितलंच नाही, तर काही न देणंही चालतं. पैसे आधी देऊन त्याची मेहरबानी मात्र विकत घेऊ नये. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पहिल्याच दिवशी वीस डॉलरची नोट हातात सरकवा आणि मग आठवडाभर मजा बघा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. लाउंजमध्येही एका गृहस्थांनी भावोजींना तो मोठ्या आत्मीयतेने दिला.

मला तो मान्य नाही, आणि याचं कारण ग्रँड केमनला डोळ्यांनी दिसलं. तिथल्या जॉर्ज टाउन बंदरात मोठी जहाजं लागतील असा धक्का नाही. जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि टेंडर बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. बोटीत जागा ठरावीक. पहिल्या बोटींसाठी झुंबड. कॉन्सिअर्ज आपल्या लोकांना रांगेच्या पुढे नेतो, तो हक्क स्वीटच्या पैशात येतो, त्याबद्दलही माझ्या मनात प्रश्न आहेत, पण निदान तो उघड आहे. आता त्या पुढच्या माणसांतही कोण आधी, हे पहिल्या दिवशीच्या नोटेवर ठरायला लागलं तर? समुद्र हलत असताना व्हीलचेअर टेंडरमध्ये चढवायची की नाही हा निर्णय सुरक्षिततेचा असतो. त्याला वेळ लागतो, दोन-चार माणसं लागतात. आम्ही पहिल्या दिवशी काहीही दिलेलं नव्हतं. त्या सकाळी तो स्वतः खाली आला, समुद्र शांत होईपर्यंत दोन बोटी जाऊ दिल्या आणि मग आईला अलगद उतरवलं. नोट देणाऱ्याला तो आधी पाठवत बसला असता तर ऐंशीच्या पुढची म्हातारी थांबूनच राहिली असती. काम झाल्यावर दिलेले पैसे कुणाच्या वाट्याचं काही ओढून घेत नाहीत. म्हणून द्यायचं ते शेवटी.

आता त्या रांगेकडे परत येते.

घरी आल्यावर मी म्हापशाच्या आमच्या एका ओळखीच्या तारवटींना भेटले. गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि गोव्यातल्या, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी घरांचे चिरे या नोकरीच्या पैशांनी बसलेले आहेत. मुंबईत धोबीतलावला गोवेकरांचे जे कूड आहेत तिथे गावागावांतले तरुण जहाज मिळेपर्यंत राहायचे. आमचे हे ओळखीचे भांडी घासण्यापासून सुरुवात करून केबिन स्ट्युअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या सांभाळणारे, झाले आणि निवृत्त झाले. मी विचारलं, तुम्हाला कुठले पैसे बरे वाटायचे, हातात दिलेले की खात्यातले? ते म्हणाले, “हातांत दिल्लें तें म्हजें, खात्यांतलें तें सगळ्यांचें.” मग मराठीत समजावून सांगितलं. हातातले त्यांना आवडायचे, का नाही आवडणार? पण भांडी घासत होते तेव्हा त्यांना कुणीच हातात काही दिलं नाही, कारण कुठल्या प्रवाशाने त्यांना पाहिलंच नव्हतं. तेव्हा खात्यातलंच यायचं.

पूर्वी जहाजावर शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची पद्धत होती. वेटरला एक, त्याच्या मदतनिसाला एक, केबिन स्ट्युअर्डला एक. दिसतो त्याला मिळतं, अशी ती रीत. रोजची आपोआप ग्रॅच्युइटी आली आणि आता मोठ्या कंपन्यांत त्यातले पैसे डायनिंग, स्वयंपाकघर, खोल्या आणि पडद्यामागच्या इतर हॉटेल विभागांत वाटले जातात. पाण्याच्या पातळीखालच्या डेकवर चादरी धुणारा, इस्त्री करणारा, कढया घासणारा, यांना आपण कधी भेटत नाही. आईचं वरण ज्याने वेगळं काढून ठेवलं त्या आचाऱ्याला मीही भेटले नाही.

रांगेतले काही लोक म्हणतात, आम्ही खात्यातले काढतो आणि आमच्या माणसाला रोख देतो, म्हणजे मधे कंपनी नको. ऐकायला हे प्रामाणिक वाटतं. कॉन्सिअर्जबाबत तर हा मोह जास्तच होतो, कारण त्याचं काम समोर दिसतं, नाव पाठ झालेलं असतं. पण संकष्टीच्या त्या एका रात्रीत किती जण होते बघा. चंद्रोदयाची वेळ सांगणारा अधिकारी पगारी, त्याला टिप द्यायची रीत नाही. पण आचारी, त्याच्या हाताखालचा भाजी चिरणारा, वेटर, ती वाटी-ताटली धुणारा, या सगळ्यांचा वाटा काढून घेऊन तो एका कॉन्सिअर्जच्या हातात ठेवायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय काही कंपन्यांत असा नियम असतो की ज्या प्रवाशाने खात्यातली ग्रॅच्युइटी काढली, त्याने हातात दिलेले पैसेही कर्मचाऱ्याने सामाईक पेटीत जमा करायचे. म्हणजे ज्याला द्यायचे म्हणून काढले त्याच्याकडेही ते राहत नाहीत.

कंपनीने पूर्ण पगार का देऊ नये, हा रांगेतल्या माणसाचा राग मात्र योग्य आहे. तो माझाही आहे. ही जहाजं फ्लोरिडा-टेक्ससमधून सुटतात, अमेरिकन प्रवासी घेतात, पण बहुतेकांवर झेंडा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा असल्या देशांचा असतो, आणि कामगार कायदा झेंड्याचा चालतो. अमेरिकेचं किमान वेतन तिथे लागू नाही. सागरी कामगारांसाठीचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ पासून अमलात आला, त्यात कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तास आहे. ही मर्यादा आहे, आणि ती एक सुधारणा म्हणून मिळवावी लागली. माणसं महिनोन्‌महिने सलग, साप्ताहिक सुट्टीशिवाय काम करतात. मालकाने पगाराचा भार ग्राहकाच्या खिशावर टाकायचा हा प्रकार अमेरिकेत जुना आहे. तिथल्या यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वे डब्यांत गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून घेतलं गेलं, तुटपुंजा पगार आणि बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९२५ मध्ये संघटना बांधली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. त्याआधी १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवरच बंदी घातली होती, आणखी काही राज्यांनी तसेच कायदे केले. १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचं मालकाने द्यायचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेच.

एवढं सगळं माहीत असूनही खात्यातली रक्कम काढली तर कंपनीचं काहीच जात नाही. जातं ते खालच्या डेकवरच्याचं. कंपनीवर रागवायचं असेल तर तिला लिहावं, तिकीट घेताना टिप भाड्यातच धरणारी कंपनी निवडावी. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजचा सर्व्हिस चार्ज बंद करून तो भाड्यात घेतला. म्हणजे करता येतं.

दिवाळीत आपण पोस्टमनला, कचरा नेणाऱ्या बाईंना, वॉचमनला पोस्त देतो. आई ती कधी चुकवत नाही, आणि त्यासाठी महिन्याचा पगार कधी कापत नाही. कॉन्सिअर्जचे पैसे तिने त्याच हिशेबात बसवले. खात्यातले जे आहेत ते राहतील, हे वेगळं.

भाचेजावयांनी सगळ्यांच्या वतीने शंभर डॉलर काढून ठेवले होते. आई म्हणाली, “ते तुमचे. माझे मी देईन. उपास माझा होता.” तिने तिच्या पर्समधून पन्नास डॉलर काढले आणि वर एक. वरचा एक नसेल तर तिच्या हातून पाकीट पुढे जात नाही. भाचीने एक सूचना केली, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून सांगते: नोटा कोऱ्या द्याव्यात. या मंडळींना त्या घरी नेऊन बदलायच्या असतात, आणि इंडोनेशियासारख्या ठिकाणी मनी चेंजर घडी पडलेली, डाग पडलेली डॉलरची नोट घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. आईने पाकिटातल्या नोटा तीनदा बदलून घेतल्या.

द्यायची जागा लाउंज, शेवटच्या संध्याकाळी, गर्दी नसताना. सकाळी सगळे उतरायच्या घाईत असतात आणि तो दहा जणांच्या गराड्यात. पाकिटावर त्याचं नाव, आत दोन ओळींची चिठ्ठी. आईने मराठीत लिहिली, खाली भाचीने इंग्रजीत. काउंटरवर नोट सरकवून निघून जाऊ नये, उभं राहून, नाव घेऊन, कशाबद्दल ते सांगून द्यावं. तो आईला शेवटी शेवटी ‘लोला’ म्हणायला लागला होता, त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात.

पाकिटाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची, आणि ती फुकट आहे. घरी पोहोचल्यावर कंपनीकडून ईमेलने प्रश्नावली येते. तिच्यात कुणाचा उल्लेख करायचा असेल तर रकाना असतो. त्यात नाव आणि काम नेमकं लिहिलं तर ते त्या माणसाच्या नोंदीत जातं, पुढचं काँट्रॅक्ट आणि बढती यांत त्याचा उपयोग होतो. आमच्या म्हापशाच्या तारवटींनीही हेच सांगितलं. ‘सेवा उत्तम’ असं लिहून उपयोग नाही. आम्ही व्हीलचेअर, टेंडर, दोन बोटी जाऊ दिल्या ते, आणि चंद्र डाव्या बाजूला दिसेल ही ओळ, सगळं लिहिलं. आचाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून तारीख आणि लाउंज लिहून ‘त्या रात्रीचा भारतीय आचारी’ असं लिहिलं. तारखेवरून तो सापडावा. ताईचं म्हणणं, त्याचं नाव त्याच रात्री कॉन्सिअर्जला विचारून घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी ती विचारणार आहे.